वाचकांचे प्रश्न : स्त्रीवाद, संशय आणि संमती

मागील अंकात आम्ही लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांवर एक लेख छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही संतापाने, तर काही मनापासून काळजीने लिहिलेली होती. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. फुले, आगरकर, कर्वे यांच्या परंपरेचा मला अभिमान आहे आणि माझ्या दोन्ही मुलींना मी उच्चशिक्षण दिले आहे. परंतु आजचा स्त्रीवाद पुरुषद्वेषाकडे झुकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बलात्काराच्या आणि छळाच्या खोट्या तक्रारींनी तरुण मुलांची आयुष्ये उद्ध्वस्त होत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूत एका अभियंत्याने पत्नीच्या तक्रारींना कंटाळून आत्महत्या केली, तरी स्त्रीवाद्यांना त्याचे काही वाटले नाही. जुन्या सुधारकांचा समंजस विचार आणि आजचा अतिरेक यांत आपण फरक का करत नाही? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली काळजी मी खरी मानते. निरपराध माणसाला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणे हा अन्यायच आहे आणि त्या तरुणाच्या मृत्यूने मलाही अस्वस्थ केले. मात्र आपल्या प्रश्नाच्या दोन भागांना वेगवेगळे उत्तर द्यावे लागेल.

आज आपल्याला समंजस वाटणारा विचार त्याच्या काळात बहुतेकांना समंजस वाटला नव्हता. १८८१ मध्ये सुरतेच्या एका विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी त्यानिमित्ताने एकूणच स्त्रीजातीच्या चारित्र्यावर झोड उठवली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये त्याला पुस्तकातून उत्तर दिले आणि ज्या दोषांसाठी बाईला सुळावर चढवता, ते पुरुषांत नाहीत काय, असा जाब विचारला. त्यांच्यावर इतकी टीका झाली की जोतीराव फुले यांना त्यांच्या बाजूने लेखणी उचलावी लागली. रखमाबाईंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये त्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी, नांदण्याची इच्छा नसलेल्या स्त्रीला जबरदस्तीने पाठवता येणार नाही, असा निकाल दिला. पण तो अपिलात टिकला नाही आणि १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंना सांगितले की, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या. त्या वेळी 'केसरी'सह बहुतेक सनातनी मतपत्रे त्यांच्या विरोधात होती आणि शिकलेल्या बायका अशाच घर मोडणाऱ्या निघतात, हा सूर सर्वत्र होता. १८९१ मध्ये शरीरसंबंधासाठी संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करण्याचे विधेयक आले, तेव्हा त्यालाही धर्मावरील आणि कुटुंबावरील घाला म्हणून विरोध झाला. स्त्रीने स्वतःच्या शरीराबद्दल 'नाही' म्हटले की ते अतिरेकी वाटते, हे आजचे नाही.

आता खोट्या तक्रारींविषयी. रुक्मिणी एस. या पत्रकाराने दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत २०१३ मध्ये निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांची निकालपत्रे वाचून काढली. पूर्ण सुनावणी झालेले खटले ४६० होते. त्यांपैकी १८९ प्रकरणे परस्परसंमतीच्या संबंधांची दिसत होती, म्हणजे बहुतेक ठिकाणी मुलगा-मुलगी पळून गेले होते आणि मुलीच्या आईवडिलांनी मुलावर बलात्काराची तक्रार केली होती. आणखी १०९ खटले लग्नाचे वचन मोडल्याचे होते. हे आकडे आपल्या बाजूचे आहेत असे प्रथमदर्शनी वाटेल, पण त्यांत तक्रारदार कोण आहे ते पाहावे. मुलीने स्वतः निवडलेला जोडीदार, बहुधा दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा, घरच्यांना मान्य नाही. तिची इच्छा कोणी विचारात घेत नाही आणि तिच्याच नावाने बलात्काराचा गुन्हा दाखल होतो. अनेकदा पुढे कोर्टात ती मुलगीच सांगते की मी स्वखुशीने गेले होते. ज्या गोष्टीचे खापर आपण स्त्रीवादावर फोडता, त्यातील मोठा भाग मुलीच्या निवडीवर ताबा ठेवू पाहणाऱ्या कुटुंबातून येतो, आणि त्या ताब्याविरुद्धच स्त्रीवाद दीडशे वर्षे बोलत आला आहे.

वचनभंगाच्या बाबतीत मी आपल्याशी बरीच सहमत आहे. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू असणे आणि नंतर लग्न न होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले. लग्न हीच स्त्रीच्या शरीराची भरपाई, असे गृहीत धरणारा कायदा मला स्त्रीवादी वाटत नाही. छळाच्या तक्रारीत सरसकट अटक करू नये, असे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आहे. ते योग्यच आहे. जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा आजही शिक्षापात्र गुन्हा आहे. पण सुटका झाली म्हणजे तक्रार खोटी होती, असे समीकरण कृपया मांडू नका. साक्षीदार फुटतात, वैद्यकीय नमुने वेळेत घेतले जात नाहीत, तक्रारदार मुलगी गाव सोडून जाते. दुसरीकडे, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ती कोणालाही सांगितली नव्हती आणि कोणाची मदतही मागितली नव्हती. खोट्या तक्रारींची चर्चा करताना कधीच न झालेल्या या तक्रारीही आपल्या हिशेबात असाव्यात, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात एका अनुभवी वकिलांचे व्याख्यान झाले. ते म्हणाले की, खरोखर नको असेल तर स्त्री ओरडते, ओरबाडते. अंगावर एकही खूण नसेल तर संमती होती असेच समजावे लागते आणि हा केवळ व्यवहार आहे, त्यात स्त्रीविरोध नाही. सभागृहातील निम्म्या मुलींनीही मान डोलावली. मला उत्तर सुचले नाही. — एक विद्यार्थिनी, गडचिरोली

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर तुमच्या जिल्ह्यातच आहे. देसाईगंज म्हणजे वडसा. १९७२ मध्ये ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तेथील पोलीस ठाण्यात २६ मार्चच्या रात्री जे घडले, त्याचा खटला पीडित मुलीच्या नावानेच देशभर ओळखला जातो. १९८३ पासून अशा मुलीचे नाव छापणे हा गुन्हा आहे, म्हणून मी ते येथे लिहीत नाही.

ती आदिवासी, अनाथ, मजुरी करणारी मुलगी होती. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितले. ज्या घरी ती काम करत असे, त्या घरातील एका मुलाशी तिला लग्न करायचे होते. भावाला ते पसंत नसल्याने त्याने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली आणि रात्री सर्वांना ठाण्यात बोलावण्यात आले. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास मुख्य अंमलदार घरी गेला आणि मंडळीही निघाली. तेव्हा दोन पोलिसांनी तिला थांबायला सांगितले आणि बाकीच्यांना बाहेर जायला लावले. बाहेर उभ्या असलेल्यांना थोड्या वेळाने दिसले की ठाण्यातले दिवे गेले आहेत आणि दार आतून बंद आहे. त्यांनी हाका मारल्या, गर्दी जमली. मग ती बाहेर आली आणि तिने काय झाले ते सांगितले. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी झाली आणि अंगावर जखम आढळली नाही.

पुढील सहा वर्षांत तीन न्यायालयांनी याच पुराव्यांकडे पाहिले. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने शरीरसंबंध झाल्याचे मान्य केले, पण तिला शरीरसंबंधाची सवय आहे आणि प्रियकरासमोर सोवळी ठरण्यासाठी तिने बलात्काराचे नाव घेतले, असे म्हणून आरोपींना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. ठाण्यातल्या पोलिसांपुढे असहायपणे हतबल होणे म्हणजे इच्छा नव्हे, हे त्या खंडपीठाने नेमके ओळखले आणि एका आरोपीला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा सुनावली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखम नाही, सोबतच्या लोकांना तिने हाक मारली नाही, म्हणजे जे झाले ते शांतपणे झाले, असा तो तर्क होता. तुमच्या वक्त्यांनी सांगितलेला 'व्यवहार' हाच. तो तेव्हा देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केला होता आणि तो चुकीचा असल्याचे या देशाच्या कायद्याने त्यानंतर स्वतःच कबूल केले आहे.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात, रात्री, दोन गणवेशधाऱ्यांपुढे एका गरीब आदिवासी मुलीने ओरडावे अशी अपेक्षा कशाच्या आधारावर केली जाते, हा त्या पत्राचा गाभा होता. शरण जाणे आणि संमती देणे यांतील फरक त्यांनी कायद्याच्या काटेकोर तर्काने मांडला. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. ती सगळ्या खटल्यांना लागू नाही, हेही लक्षात ठेवा. 'बाई म्हणेल ते खरे' असा कायदा झाला आहे, असे सांगणारे हा फरक नेहमी गाळतात.

जी गोष्ट देसाईगंजच्या मुलीला मिळाली नाही, ती कायद्याच्या शब्दांत यायला २०१३ उजाडले. संमती म्हणजे शब्दांनी, हावभावांनी वा अन्य प्रकारे दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिने संमती दिली असे समजता येणार नाही. आज हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. परीक्षेसाठी नव्हे, पुढच्या व्याख्यानासाठी हे पाठ करा.

खूण नसण्याचे कारण शरीरातच आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७० टक्के स्त्रियांचे शरीर अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात ताठरून गेले होते. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, अशी ती अवस्था. भीतीने पाय जमिनीला खिळणे, दातखीळ बसणे हे आपण रस्त्यावरच्या अपघातात सहज मान्य करतो. बलात्काराच्या वेळीच फक्त शरीराने शौर्य दाखवावे, अशी अट घालतो.

कायदा बदलला म्हणून नजर बदलली, असे मात्र झालेले नाही. पीडितेला शरीरसंबंधाची 'सवय' आहे का हे बोटांनी तपासण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग ठरवली, तरी ती सुरू राहिली आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला सांगावे लागले की, अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांचे वास्तव त्याआधीच विदर्भातून पुढे आणले होते. आणि ज्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये ते शहाणपण दाखवले, त्याच खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यांवरून केलेला स्पर्श बालकांवरील लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत बसत नाही, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवून वाचा. तुम्ही वकील होणार आहात, तेव्हा मान डोलावणाऱ्या मैत्रिणींशी बोला. त्यांना दोष देऊ नका. 'मी ओरडले असते' असे स्वतःला सांगितले की आपल्या बाबतीत हे घडणार नाही असा धीर वाटतो, आणि त्या धीराची किंमत दुसरी कोणी तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून देते.

प्रश्न : पुरुषांवरही लैंगिक अत्याचार होतात. स्त्रीवादी त्याबद्दल गप्प का? — एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : गप्प असतील तर ते चूक आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सांगितला आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून थोडे जास्तच होते. २०१२ चा बालकांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा म्हणूनच मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आपण शिक्षक आहात, तेव्हा वर्गातील मुलग्यांनाही हे समजेल असे पाहा.

प्रौढ पुरुषाला मात्र आज पुरेसे संरक्षण नाही. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर कायद्यात बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये सुचवले होते की पीडित व्यक्ती कोणत्याही लिंगाची असू शकते, हे कायद्याने मानावे. स्त्री-संघटनांच्या मागण्या ऐकूनच हा अहवाल लिहिला गेला होता. संसदेने ते स्वीकारले नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ किमान संमतीविना केलेल्या कृत्यांना लागू होत असे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत तेही उरलेले नाही. ही पोकळी भरली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ज्या संघटना पुरुषांच्या हक्कांसाठी आवाज उठवतात, त्यांनी या मागणीसाठी ताकद लावली तर मी त्यांच्या निवेदनावर सही करेन. दुर्दैवाने त्यांची बरीच शक्ती विवाहांतर्गत बलात्काराला गुन्हा ठरवू नये, यासाठी खर्च होते. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला असलेली ती सूट आजही कायम आहे आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरुद्ध निकाल दिले. रखमाबाईंचा प्रश्न अजून न्यायालयातच आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून तो म्हणतो की सगळे कायदे मुलींच्याच बाजूचे आहेत, मुली स्वतःच तसे कपडे घालतात आणि मग तक्रार करतात. मी रागावले तर 'तू पण फेमिनिस्ट' म्हणून खोलीत निघून जातो. तो मनाने वाईट नाही. मी काय करावे? — एक आई, ठाणे

उत्तर : ताई, रागावू नका आणि मोबाइलही काढून घेऊ नका, तो जे ऐकतो ते त्याच्या मित्रांच्या मोबाइलवरही आहे. त्याच्याबरोबर बसून एखादा व्हिडिओ पूर्ण पाहा. त्यात बहुधा एक खरी गोष्ट असते, एखाद्या मुलावर झालेला खोटा आरोप किंवा नोकरी न मिळाल्याचा अपमान, आणि मग तिच्या आधारावर सगळ्या मुलींविषयी निष्कर्ष असतो. खरी गोष्ट खरी म्हणून मान्य करा. आईला माझे दुःख दिसते, हे त्याला कळले तरच तो पुढचे ऐकेल.

कपड्यांविषयी उपदेश करू नका, प्रश्न विचारा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते की, नोंदलेल्या बलात्कारांपैकी सुमारे पंच्याण्णव टक्के प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. रस्त्यावरचा कोणी परका कपडे पाहून भडकला, हे चित्र कुठून आले, असे त्याला विचारा. तुमच्या घरातील अनुभवही सांगा. लोकलच्या गर्दीत साडीत, पंजाबी ड्रेसमध्ये, शाळेच्या गणवेशात काय काय सोसावे लागते, हे अनेक मुलांनी आपल्या आईकडून कधी ऐकलेलेच नसते. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानले आहे. म्हणजे ही दृष्टी पुरुषांची मक्तेदारी नाही आणि तुमचा मुलगा ती घरीदारी सगळीकडे ऐकतो.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगा. त्याच्या ग्रुपवर एखाद्या मुलीचा खासगी फोटो आला, तर तो पुढे पाठवणे हा गुन्हा आहे, आणि मुलगी अठराच्या आतील असेल तर तो जवळ ठेवणेही त्याला अडचणीत आणू शकते. फोटो पुढे न पाठवता त्याने तुम्हाला सांगावे. एखाद्या मैत्रिणीने स्वतःवरचा अत्याचार त्याला सांगितला, तर 'तू तिथे का गेलीस' असे न विचारता आधी ऐकून घ्यावे आणि तुमच्यापर्यंत आणावे. अठराच्या आतील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला अशा मुलीवर मोफत उपचार करावेच लागतात. आधी पोलिसांत जा, असे सांगून परत पाठवता येत नाही.

आणि हे बोलणे तुम्ही एकट्याने करू नका. त्याच्या वडिलांनी, मामाने किंवा ज्याच्याविषयी त्याला आदर आहे अशा कोणी पुरुषाने त्यात बसावे आणि बोलावे. कित्येक घरांत वडील या विषयावर गप्प राहतात, आणि मुलगा त्यांचे मौन म्हणजे व्हिडिओतल्या माणसाला दिलेली मान्यता समजतो.